वडिलांना काचबिंदू आहे, माझं वय ३८, मला काहीच त्रास नाही. तरी डोळे तपासून घ्यावेत का?

घ्या, याच महिन्यात. त्रास व्हायची वाट बघाल तर फसाल, कारण काचबिंदूत डोळ्यामागची नस खराब होत जाते, आणि त्याच्या ओपन अँगल (डोळ्यातला कोन उघडा असलेल्या) प्रकारात सुरुवातीला त्रास होतच नाही. माझ्याही वडिलांना होता. मला तो चाळिशीत निघाला, जवळचा चष्मा लावायला गेले तेव्हा. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा मी घडाघडा वाचली होती.

यात आधी कडेची नजर जाते. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि उरलेली रिकामी जागा मेंदू परस्पर रंगवून टाकतो. काळा डाग वगैरे दिसत नाही. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले, असं समजू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना वडिलांचं सांगा. ते डोळ्यातलं प्रेशर मोजतील, डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन बघतील आणि बाहुली मोठी करून मागची नस बघतील. शंका आली तर फील्ड टेस्ट (कडेची नजर किती उरली ते बघणारी) आणि ओसीटी (नसेचं स्कॅन). प्रेशर साधारण १० ते २१ (मिमी पारा) असलं की नॉर्मल म्हणतात, पण त्या आकड्यावर फार विसंबू नका. २१च्या खाली असूनही नस खराब होते, आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ असला तर प्रेशर आहे त्याहून कमी भरतं. लेसर करून चष्मा घालवला असेल तर तेही सांगा. स्टेरॉइडचं काही घेत असाल तर नक्कीच सांगा. डोळे आले की मेडिकलमधून कुठलेही थेंब आणून घालायची आपल्याकडची सवय मला भयंकर वाटते, त्यात स्टेरॉइड असू शकतं आणि त्याने प्रेशर चढतं.

आता काचबिंदू निघालाच तर रोजचं काय, ते माझ्यावरून सांगते. रात्री झोपताना थेंब, एवढंच. एकच थेंब पुरतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. दमा असेल तर आधी सांगायचं, टिमोलॉल नावाचे काचबिंदूचे थेंब चालत नाहीत. अवघड आहे ते वेगळंच: थेंब घालून काही बरं वाटत नाही, उलट डोळे चुरचुरतात, लाल होतात. मग माणसं बाटली संपली की नवी आणत नाहीत. फील्ड टेस्टचाही मला वैताग येतो. अंधुक ठिपका दिसला की बटण दाबायचं, आणि निम्मा वेळ वाटतं आपण नापास होतोय. पहिल्या वेळी ती अनेकांची बिघडते, घाबरू नका.

वडिलांना कोणी ‘पिकू दे, मग ऑपरेशन करू’ म्हणत असेल तर ऐकू नका. ते मोतीबिंदूचं बोलणं झालं, आणि हल्ली तिथेही कोणी पिकायची वाट बघत नाही. काचबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत येत नाही, फक्त प्रेशर उतरतं आणि उरलेली टिकते.

डोळा एकदम ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या तर मात्र सकाळपर्यंत थांबू नका. तो कोन अचानक बंद होण्याचा दुसरा प्रकार, त्याच रात्री दवाखाना गाठा.

तपासणीला भावंडांनाही न्या, धोका त्यांनाही तेवढाच आहे. आणि गाडी स्वतः चालवत जाऊ नका, बाहुली मोठी केल्यावर काही तास उजेड सहन होत नाही.