रिकंबंटचा इतिहास दाखवायला जाऊ नका (माझं ऐका)

'रिकंबंट (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल) घेऊन सायकल इव्हेंटला नाव नोंदवायला गेलो तर ही सायकलच नाही म्हणाले, जुना इतिहास दाखवला तर पटेल का?' असं तुम्ही विचारलंय. वाचून हसूही आलं आणि पोटात गोळाही. सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं.

चांगली चार पानं छापून नेली. स्टुटगार्टचं १९२१ च्या सुमाराचं जे-राड (सुरुवातीची एक रिकंबंट), ते करणारा, झेपेलिन हवाई जहाजांवर काम केलेला पाउल याराय, आणि मग माझा हुकमी एक्का : पॅरिसजवळच्या प्युतोचे शार्ल मोशे. आधी ते चारचाकी पेडल-गाड्या बनवायचे, त्यातूनच त्यांची आडवी दुचाकी निघाली. फ्रान्सिस फोर हा दुसऱ्या फळीतला गडी ७ जुलै १९३३ ला त्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किमी गेला. ऑस्कर एग या शर्यतपटूचा १९१४ पासूनचा तासाभरात ४४.२४७ किमीचा विक्रम मोडला! वर वारा कापणारं कवच वगैरे काही नव्हतं, नुसती बसण्याची पद्धत वेगळी.

इथेच थांबायचं होतं. पण मी पडलो प्रामाणिक, पुढचंही छापलं : आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये शर्यतीच्या सायकलची व्याख्याच बदलली. सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या (पेडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या) किती मागे चालेल, याचंसुद्धा माप घातलं आणि फोरचा विक्रम सायकलींच्या यादीतून बाहेर काढला.

टेबलापलीकडच्या साहेबांनी नेमकी तीच ओळ बोटाने दाखवली. "बघा, तुम्हीच लिहिलंय." झालं! भरलेली फीसुद्धा गेली. तीन फेऱ्या मारल्या, दर वेळी नवा माणूस आणि 'वरून विचारून सांगतो'.

मला तेव्हा सुचलं नाही ते असं, की तो नियम शर्यती आणि विक्रमांपुरता होता. रस्त्यावर चालवायला त्याने बंदी केली नव्हती. मोशे १९३४ मध्येच वारले, तरी १९३९ ला फोरने कवच लावून तासाला ५० किमीचा टप्पा ओलांडला. सायकलींच्या यादीत नव्हे, पण ओलांडला.

तेव्हा आधी इव्हेंट कुठल्या नियमांखाली आहे ते लेखी विचारा. त्या संघटनेच्या नियमांची रेस असेल तर वेळ घालवू नका. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, शर्यत नव्हे) असेल तर घोडं पुढे दामटा, कारण ब्रेव्हेचे नियम करणाऱ्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच क्लबच्या नियमात माणसाच्या ताकदीवर चालणारं वाहन चालतं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या त्यांच्या मोठ्या राइडला रिकंबंटवाले दिसतात ते उगाच नाही. (मी काही आयोजक नाही, तुमच्याकडचा नियम तुम्हीच वाचून घ्या.)

आणि मागे उंच काठीला झेंडा लावा. ट्रकवाल्याला आपण दिसतच नाही. चेन दोन-अडीच जोडाव्या लागतात, जादा क्विक लिंक (चेन जोडायची कडी) खिशात ठेवा.