ठिपक्यांमागची भूमी

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील आदिवासींची वाळवंटी चित्रे ही केवळ नक्षी असते, की त्यांचा त्यांच्या भूमीशी संबंध असतो? (एक वाचक, सातारा)

उत्तर : या चित्रांना केवळ नक्षी म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रेट सँडी वाळवंटातील वाल्माजरी व शेजारच्या भाषांच्या लोकांनी पूर्वजांच्या भूमीवर हक्क सांगितला, तेव्हा तो इंग्रजी कायद्याच्या भाषेत मांडणे अवघड असल्याने १९९७ साली चाळीसहून अधिक चित्रकारांनी पिर्निनी येथे सुमारे ८ मीटर बाय १० मीटरचा कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि त्यावर आपापला मुलूख रंगवला. ‘न्गुरारा’ या नावाने ते चित्र ओळखले जाते. शब्दाचा अर्थच आपली भूमी, आपले घर. त्यात ठळकपणे दिसतात ते ‘जिला’, म्हणजे कधी न आटणारे पाणवठे. पाणी कुठे आहे हे ठाऊक असल्याशिवाय त्या मुलखात कुणी जगूच शकत नाही, म्हणून पाणवठ्याचे ज्ञान हाच मालकीचा पुरावा. आदिवासींच्या भूमिहक्काचे दावे पाहणाऱ्या लवादापुढे एकेक जण कॅनव्हासवर चालत गेला, आपल्या जागेवर उभा राहिला आणि स्वतःच्या भाषेत बोलला. कोणत्याही सातबाऱ्याहून ही साक्ष मला बोलकी वाटते. न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला तो २००७ साली, दहा वर्षांनी.