कल्चर जोम का धरत नाही? पाणी, भांडं आणि चिमूटभर धातू

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बचत गटात आम्ही गूळ-पाण्यात हवेतला नत्र धरणारा जिवाणू अ‍ॅझोटोबॅक्टर वाढवतो. विकतच्या कॅनच्या पाण्यात ते चांगलं होतं. बोअरच्या पाण्यात मात्र तळाशी पांढरा गाळ बसतो आणि घाण वास येतो. गूळ वाढवायचा का?

नाही ताई, गूळ वाढवू नका. त्यानं वास करणाऱ्या जिवाणूंचंच फावेल. अडचण पाण्यात आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्यात सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट भरपूर. असं पाणी अल्कधर्मी असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेट-फॉस्फेटच्या रूपानं खाली बसतात. तो पांढरा गाळ बहुतेक तोच. लोहाचीही तीच गत होते. जिवाणूला लोह लागतं साधारण लिटरला एक मायक्रोमोल, पण हवा लागलेल्या उदासीन पाण्यात मोकळं विरघळलेलं लोह त्याच्या अब्जांश भागाइतकंही उरत नाही. म्हणजे ड्रममध्ये लोह असतं, पण जिवाणूच्या तोंडी लागत नाही. ते ओढून घेण्यासाठी अ‍ॅझोटोबॅक्टर सिडेरोफोर नावाचे खास रेणू बाहेर सोडतो. त्यात त्याची ताकद जाते, आणि वरून सोडियमचा ताण असतोच.

पाणी उकळून बायकार्बोनेटचा काही भाग निघतो, पण सोडियम आणि क्लोराइड तसेच राहतात, उलट पाणी आटलं की दाट होतात. तुरटीचाही इथे उपयोग नाही. खरा उपाय पावसाचं पाणी. पहिली सर वाहून जाऊ द्या, मग स्लॅबवरचं पाणी झाकून साठवा. नव्या टिनाच्या छपराचं घेऊ नका, त्यावरच्या मुलाम्यातून जस्त उतरतं. जस्त जिवाणूला लागतं, पण अगदी थोडं; जास्त झालं की वाढ थांबते.

पावसाच्या पाण्यात खनिजं नसतात, तिथे गूळ कामी येतो. त्यात साखरेबरोबर पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि थोडं लोहही असतं. पांढऱ्या साखरेत यातलं जवळपास काहीच नाही. पिवळाधमक दिसावा म्हणून रसायन घातलेल्या गुळापेक्षा काळपट गूळ घ्या. आणि एक आग्रह आहे: उघड्या ड्रममधलं कल्चर कधीच शुद्ध नसतं. बियाण्याला लावायला विकतचं कल्चरचं पाकीटच वापरा, ड्रममधलं शेणखतावर शिंपडा. वास मारणारा ड्रम मात्र ओतून द्या.

मी आर्णीजवळच्या कॉलेजात एम.एस्सी. करतो. फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू वाढवायच्या पिकोव्स्काया माध्यमात फेरस सल्फेट आणि मँगनीज सल्फेट 'अत्यल्प' असं लिहिलेलं आहे. सगळे म्हणतात, नाही घातलं तरी चालतं. खरंच चालतं का?

वाढ होते, म्हणून चालतं असं वाटतं. यीस्ट अर्क, माध्यम घट्ट करणारं अगर-अगर, काच आणि नळाचं पाणी या सगळ्यांतून धातू माध्यमात येतातच. पण किती येतात ते आपल्या हातात नसतं. मग या आठवड्याची प्लेट मागच्या आठवड्याशी जुळत नाही, आणि विद्यार्थी दोष जिवाणूला देतो. फॉस्फेट विरघळल्याचं वलय मोजायचं असेल तर ही ढिलाई परवडणारी नाही.

शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात शंभर मिलिग्रॅम क्षार विरघळवा; एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम आला. लिटरभर माध्यमाला असे एक-दोन मिलिलिटर पुरतात. दोन्ही क्षारांचे द्रावण वेगळे ठेवा. फेरसचं द्रावण ठेवून तपकिरी होतं, म्हणून ताजंच करा.

मँगनीजकडे विशेष लक्ष द्या. फॉस्फेट विरघळवणाऱ्या बॅसिलससारख्या जिवाणूंना बीजाणू, म्हणजे तग धरणारं सुप्त रूप, तयार करायला ते लागतं. बीजाणू नीट झाले नाहीत तर फ्लास्कमध्ये गच्च दिसणारं कल्चर पाकिटात गेल्यावर उन्हाळ्यात टिकणार नाही.

मेहकर तालुक्यात सोयाबीन-हरभरा घेतो. मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियम जिवाणूच्या गुळवणीतच (बियाण्याला लावायच्या गूळ-पाण्यात) मॉलिब्डेनम या धातूची पूड मिसळली तर गाठी जास्त येतील का?

भाऊ, तुमचा विचार मुळात बरोबर आहे. हवेतला नत्र धरणाऱ्या नायट्रोजनेज विकराच्या गाभ्यात सात लोह अणूंबरोबर एक मॉलिब्डेनमचा अणू असतो. अ‍ॅझोटोबॅक्टरला तो लागतो हे बोर्टेल्स यांनी १९३० मध्येच दाखवलं होतं. पण रायझोबियम नत्र धरतो तो मुळाच्या गाठीत, पाकिटात किंवा गुळवणीत नाही. तिथे तो आयत्या नत्रावर जगत असतो. गुळवणीत दाट क्षार ओतला तर मॉलिब्डेनमचा फायदा मिळायच्या आधीच जिवाणूंना त्याचा झटका बसतो.

शिवाय आपल्या काळ्या, अल्कधर्मी जमिनीत मॉलिब्डेनम सहसा मोकळं असतं. अडकतं ते लोह आणि जस्त. गडचिरोलीकडच्या आम्लधर्मी जमिनीत उलट. म्हणून आधी माती तपासा. लोह ४.५ आणि जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर पैसा तिकडे घाला. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम शेवटी, सावलीत.

वरुडला संत्र्याची बाग आहे. स्युडोमोनास (रोगाच्या बुरशीला रोखणारे जिवाणू) तांब्याच्या गुंडात भिजवून ठेवलं तर चालेल का? बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारायचा पंपच त्यालाही वापरतो.

दोन्ही नको. तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यातले रोगजंतू मरतात ते तांब्यामुळेच, आणि तांबं रोगजंतू कोणता नि स्युडोमोनास कोणता हे पाहत नाही. गूळ आंबला की आम्ल होतं, मग तांबं आणखी सुटतं. पितळी भांडं आणि जस्ताचा मुलामा असलेली बादलीही टाळा. प्लास्टिक किंवा स्टील घ्या. एक टक्का बोर्डोत शंभर लिटरला एक किलो मोरचूद असतं, त्याचा थर टाकीत आणि नळीत चिकटून राहतो. जिवाणूंसाठी वेगळा पंप ठेवा. बोर्डो पेस्ट खोडाला लावली असेल तर स्युडोमोनास खोडापासून दूर, झाडाच्या घेराखाली मुळांशी द्या.