भित्तिका आणि पटल

गुहागरहून विचारणा आहे: "आठवीच्या विज्ञानात 'पेशीभित्तिका' आणि 'पेशीपटल' असे दोन शब्द आहेत. दोन्ही पेशीची आवरणंच ना? मग सरळ 'आवरण' म्हटलं तर काय बिघडतं?"

बरंच बिघडतं. वनस्पतीच्या पेशीला ही दोन्ही असतात, भित्तिकेच्या आत पटल, आणि कामं अगदी निराळी.

भित्ति म्हणजे भिंत. इथे चुन्यात बांधलेली नव्हे, आगराभोवतीचा चिऱ्यांचा गडगा डोळ्यांसमोर आणा. पाणी फटींतून निघून जातं, पण आकार आणि जोर टिकतो. सेल्युलोज या तंतुमय पदार्थाची भित्तिका तशीच. पाणी आणि क्षार ती अडवत नाही. पाण्याने फुगलेली पेशी फुटू मात्र देत नाही. पटल म्हणजे पातळ पडदा, दृष्टिपटलातला. मेद आणि प्रथिनांचा हा पडदा पाण्याला वाट देतो, मिठाला सहजी देत नाही. म्हणूनच त्याला 'निवडक्षम' हे विशेषण लागतं.

फरक डोळ्यांनी पाहता येतो. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा. अलिबागचा पांढरा कांदा नको, त्याच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, रंग नसल्याने काही कळणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रंग पेशीभर दिसेल. मग १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा थेंब सोडा. समुद्राचं गाळलेलं पाणीही चालतं, त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यातलं खाडीचं मात्र घेऊ नका, ते गोड्या पाण्याने पातळ झालेलं असतं. काही मिनिटांत पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि जांभळा भाग आक्रसून भित्तिकेपासून सुटतो. याला रससंकोच म्हणतात. मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत खारं पाणीच असतं: भित्तिकेने आत सोडलेलं, पटलाने अडवलेलं. दोघांना 'आवरण' म्हटलं, तर हे वाक्यच लिहिता येणार नाही.

लगेच साधं पाणी घातलं की रंग पुन्हा पसरतो. फार वेळ मिठात ठेवलं तर पेशी मरते, पटल निकामी होतं आणि रंग बाहेर झिरपतो. पापुद्रा जाड निघाला तर पेशी एकावर एक दिसून घोटाळा होतो.

मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं तेही असंच. बांगड्याच्या पेशीला मात्र पटल असतं, भित्तिका नसते. 'प्राण्यांची पेशीभित्तिका' हा शब्दप्रयोग चूकच. बुरशीला भित्तिका असते, पण कायटिन या वेगळ्या पदार्थाची.