डोंगरवाडीवर बांधकामाला निघण्यापूर्वी

प्रिय बंधू, गोव्यातील सत्तरी किंवा काणकोणच्या डोंगरवाडीत सेवेसाठी शाळेची खोली बांधायला निघाला आहात, तर पहिले दोन दिवस थापी हाती न घेता वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि त्यांना खरोखर काय हवे आहे ते विचारा. खाणीतून नुकताच काढलेला चिरा (जांभा दगड) मऊ असतो आणि उघड्यावर राहिल्यावरच कडक होतो, म्हणून तो आधीच आणून ठेवा. जूनच्या पावसाआधी छप्पर चढलेच पाहिजे. माझ्या पहिल्या कामात आम्ही इथेच चुकलो आणि पायाची भर वाहून गेली, त्याची खंत आजही वाटते. स्थानिक गवंड्याच्या हाताखाली राबा. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेची अट मात्र कधीही घालू नका. आपल्या बाणावलीच्या संत जोसेफ वाझ यांनी १६९७ मध्ये श्रीलंकेतील कँडीत देवीच्या रोगाची साथ आली तेव्हा रुग्णांची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केली, हे मनात असू द्या.