नाही म्हणायला पुरावा लागत नाही

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नव्हता म्हणून आज निवांत लिहितेय. टॅक्सीच्या ॲपवर एका गाडीचा नंबर, समोर उभी दुसरीच गाडी, ड्रायव्हर म्हणतो मॅडम ती सर्व्हिसिंगला दिलीय, ही भावाची, बसा. तू बसली नाहीस, कॅन्सल केलंस. मग मैत्रीण म्हणाली की बिचाऱ्याचं रात्रीचं भाडं बुडवलंस, तुला काय प्रत्येक माणूस गुन्हेगारच दिसतो, आणि तेव्हापासून तू डोकं धरून बसलीयेस की मी जास्तच केलं का.

नाही केलंस. आणि माझं एकच वाक्य पक्कं लक्षात ठेव, नाही म्हणायला पुरावा लागत नाही.

तो खरंच भावाची गाडी घेऊन आला असेल, बहुतेक तसंच असेल. पण त्या मिनिटाला खरंखोटं करायला तुझ्या हातात काय होतं? फक्त तो नंबर, आणि तोच जुळत नव्हता. कागदपत्रं, विमा, तपासणी सगळं ॲपवर नोंदवलेल्या गाडीचं झालेलं असतं, समोर उभ्या असलेल्या गाडीचं नाही. उद्या साधा अपघात झाला तरी तू कुठल्या गाडीत होतीस इथपासून घोळ सुरू. तू गाडी नाकारलीस, माणसावर आरोप केला नाहीस. तुझी मैत्रीण या दोन गोष्टींची गल्लत करतेय आणि तुलाही करायला लावतेय.

2019 च्या मार्चमध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात कॉलेजमधली एक मुलगी रात्री उबर मागवून उभी होती. एक गाडी येऊन थांबली, तिला वाटलं हीच आपली, बसली. ती गाडी उबरची नव्हतीच. मागच्या दारांना चाइल्ड लॉक होतं, आतून उघडेनात. ती वाचली नाही. त्यानंतर तिथे ॲपवरच्या टॅक्सीला पुढच्या बाजूला नंबर दिसेल असा लावायचा कायदा झाला, आणि एक मोहीम सुरू झाली की बसायच्या आधी ड्रायव्हरला विचारा, माझं नाव काय? तू उलटं करतेस ना, बहुतेक सगळ्याच करतात, काच खाली झाली की आपणच आपलं नाव सांगून मोकळं, आणि समोरचा हो म्हणतो. हो म्हणायला काय लागतं! नाव त्याने सांगायचं, आपण गप्प राहायचं. बऱ्याच ॲपमध्ये ट्रिप सुरू करायला पिन द्यायची सोय असते, कुठे ती सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करावी लागते. ती आत्ता चालू कर, हे पत्र वाचता वाचता.

आता चाइल्ड लॉकचं नीट वाच, कारण हे कुणी सांगत नाही. मागचं दार उघडलं की त्याच्या कडेला, कुलूप असतं त्याच्या आसपास, एक बारीकशी खटकी असते किंवा किल्लीने फिरवायची खाच असते. दार बंद असताना ती दिसत नाही. ती लावलेली असली की दार फक्त बाहेरून उघडतं, आतून हँडल कितीही ओढ. अंधारात खटकी शोधत बसायची गरज नाही. बसायचं, दार लावायचं, आणि गाडी हलायच्या आत आतून एकदा उघडून पुन्हा जोरात लावायचं, नीट लागलं नव्हतं म्हणायचं. उघडलं तर ठीक. नाही उघडलं तर ड्रायव्हरला सांगायचं लॉक काढा, आणि तो कुरकुरला तर तिथेच उतरायचं, दार त्याला बाहेरून उघडायला लावून. कुणाच्या घरी लहान मुलं असतील म्हणून लॉक लावलेलं असेल, असू दे. कारण काहीही असो, नाही म्हणायला पुरावा लागत नाही.

आणि बाकीचं तुला माहितीय, तरी सांगते कारण माहिती असणं आणि करणं यात फार अंतर असतं. मागे, ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला बसायचं. आधीच कुणी दुसरा गाडीत बसलेला असेल तर बसायचंच नाही, तो मित्र असो की मालक. गाडी येईपर्यंत इमारतीच्या आत थांबायचं, रस्त्याच्या कडेला फोनमध्ये डोकं घालून नाही. दोन्ही कानात इअरफोन घालून बसणं मला अजिबात पटत नाही, भांडलीस तरी चालेल. ट्रिप शेअर करायची ती अशा माणसाला जो जागा असेल, तुझ्या झोपलेल्या रूममेटला पाठवून काय उपयोग? व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास ठेवता येतं, लांब जायचं असेल तर पंधरा मिनिटांचं पाठवू नकोस, अर्ध्या वाटेत बंद पडतं. आणि हो, "ट्रिप कॅन्सल करा, मला कॅशच द्या, स्वस्तात सोडतो" असं कुणी म्हटलं तर गाडी सुटायच्या आधी उतरायचं, कारण कॅन्सल झालं की तू त्या गाडीत आहेस याची नोंदच राहत नाही.

सीटबेल्ट लाव. मागे बसलीस तरी लाव. रात्रीच्या टॅक्सीत सगळ्यांना माणसाची भीती वाटते, पण डोळ्यांवर झोप असलेला ड्रायव्हर हाही तितकाच खरा धोका आहे. 17 तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखाच मंद होतो, हे प्रयोग करून दाखवलेलं आहे. गाडी लेनमधून सरकतेय, तो मान झटकतोय, आरशात पाहशील तर डोळे जड दिसतायत, तर बोल. म्हण, दादा पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा, मला उतरायचंय. तो वाईट माणूस नाहीये, थकलेला आहे, तरीही उतर. बघ, इथेही तेच, कुणी वाईट असल्याचं सिद्ध व्हायची वाट बघायची नाही.

रस्ता बदललेला वाटला तर आधी स्पष्ट आवाजात विचार, "इकडून कुठे?" उत्तर पटलं तर ठीक, नाही पटलं तर कुणाला तरी फोन लावून गाडीचा नंबर आणि कुठे आहेस ते ड्रायव्हरला ऐकू जाईल असं सांग. चालत्या गाडीतून उडी वगैरे नाही, उजेड आणि माणसं दिसली, गाडी थांबली की उतर. 112 हा नंबर खूप देशांत इमर्जन्सीला चालतो. बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, तुझ्या फोनमध्ये तसं आहे का ते दिवसा बघून ठेव.

माझ्याबद्दल विचारलं होतंस ना, तुला कधी असं वाईट वाटलं का म्हणून. वाटलं. माझी एक फार जवळची मैत्रीण होती, आम्ही दोघी रात्री उशिरा एका कार्यक्रमाहून निघालो, गाडी आली, ड्रायव्हरच्या तोंडाला वास येतोय असं मला वाटलं. तिला नाही आला. मी बसले नाही आणि तिलाही बसू दिलं नाही, पाऊस होता, दुसरी गाडी मिळेना, ती भिजली, दुसऱ्या दिवशी तिची महत्त्वाची मुलाखत होती आणि ती आजारी पडली. त्यानंतर आमच्यात पूर्वीसारखं राहिलं नाही. ती अजूनही म्हणते तुझा भ्रम होता. असेलही. मैत्री विरली याची हळहळ आहे, ती जात नाही, पण गाडी सोडली याची नाही, एक क्षणही नाही. घरचे म्हणतात मी हेकट आहे, दर वेळी नंबर वाचते, दर वेळी दार उघडून लावते, बाकीचे खोळंबतात. खोळंबू देत. शंका खरी होती की खोटी हे तपासायला मला त्या गाडीत बसून बघावं लागलं असतं, आणि तेच तर करायचं नाहीये ना! कॅन्सलचे पैसे जातात, कुणाचं तोंड वाकडं होतं, रेटिंग कमी होतं, याच्यापलीकडे काय होतं सांग मला.

भाडं बुडालं म्हणून तुला वाईट वाटतंय ते तुझ्या चांगुलपणामुळे, तो राहू दे. पण त्याच्या भाड्याची काळजी असेल तर त्याने गाडी बदलल्याचं ॲपवर कळवायला हवं होतं, ते काम तुझं नाही.

आणि तू अजून तक्रार केलेली दिसत नाहीस. कर. ड्रायव्हर वाईट होता असं लिहू नकोस, ते तुला माहीत नाही. एवढंच लिही की अमुक वेळेला ट्रिप बुक केली, ॲपवर हा नंबर होता, आलेल्या गाडीचा नंबर हा होता, म्हणून बसले नाही. कॅन्सलचे पैसे कापले असतील तर तेही परत माग. ट्रिपचा स्क्रीनशॉट जोड. पाठवलंस की मला कळव, आणि ती पिनची सोय सापडली नाही तर फोन कर, आपण बोलता बोलता शोधू.