घरची बोली वर्गात आणली, तर अभ्यासक्रम मागे पडेल का?

प्रश्न : मी मूळची सातारा जिल्ह्यातील असून सध्या शहादा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात अहिराणी, पावरी आणि भिलोरी बोलणारी मुले आहेत. मुलांच्या संस्कृतीशी जोडून शिकवा, असे प्रशिक्षणात सांगितले जाते आणि आम्ही स्नेहसंमेलनात आदिवासी नृत्य बसवतोही. पण रोजच्या तासाला हे कसे करावे? शिवाय पालक म्हणतात, ‘बोली घरी येतेच, शाळेत शुद्ध मराठी शिकवा.’
– एक शिक्षिका

उत्तर : नृत्य जरूर बसवावे, मुलांना त्यातून आनंद मिळतो. परंतु त्यामुळे भागाकार समजत नाही, आणि तुमच्या प्रश्नाची खरी कसोटी भागाकाराच्या तासालाच लागते.

तुमच्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जातात. त्यांच्याबरोबर गेलेले मूल परत येते तेव्हा आपण त्याला ‘मागे पडलेले’ म्हणून बसवतो. वास्तविक मोळी कशी बांधतात, ट्रक कसा भरतात आणि मजुरी टनावर ठरते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला असे उदाहरण घालून पाहा : एका जोडीने दिवसभरात दीड टन ऊस तोडला आणि एक मोळी १५ किलोची धरली, तर मोळ्या किती झाल्या? टनाचे किलो करणे आणि भागाकार, दोन्ही घटक यात येतात. उत्तर १०० येते. पण कुणी १० काढले, तर ते चुकले आहे हे या मुलाला पडताळा करण्याआधीच कळेल, कारण दिवसभराच्या तोडीचा ढीग केवढा असतो हे त्याला माहीत आहे. अंदाज बांधण्याची ही क्षमता गणितात फार मोलाची असते.

येथे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ‘तुझ्या वडिलांनी मुकादमाकडून किती उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली?’ असे वर्गात कधीही विचारू नये. उदाहरणातील कुटुंब काल्पनिक असावे. स्वतःचे सांगायचे की नाही, हे मुलालाच ठरवू द्यावे. तसेच एखाद्या पावरा मुलीला उभे करून ‘तुमच्यात भोंगऱ्या (होळीआधी भरणारा आदिवासींचा बाजार) कसा असतो ते सांग’ म्हणणेही मला योग्य वाटत नाही. सगळ्यांनीच आपण पाहिलेल्या बाजाराविषयी लिहावे. त्यात भोंगऱ्या येईल, सारंगखेड्याचा घोडेबाजार येईल आणि शहाद्याचा आठवडे बाजारही येईल.

आता भाषेविषयी. पालकांची चिंता खोटी नाही. बोलीमुळे कचेरीत, बाजारात हिणवले गेल्याचा अनुभव असलेला बाप मुलासाठी प्रमाण मराठी मागणारच, आणि ती शिकवण्यात आपण कुठेही कमी पडता कामा नये. प्रश्न आहे तो तिथवर पोहोचण्याच्या वाटेचा. मूल अहिराणीत म्हणाले, ‘मना बाप वावरमा गया’, तर ते वाक्य खोडू नका. फळ्यावर जसेच्या तसे लिहा आणि त्याखाली ‘माझे वडील शेतात गेले’ असे लिहा. काय बदलले ते मुलांनाच शोधू द्या. ‘वावरमा’ आणि ‘शेतात’ समोरासमोर ठेवल्यावर प्रत्यय ही गोष्ट व्याख्या पाठ न करता ध्यानात येते. पावरी व भिलोरी तुम्हाला येत नाही, याचा संकोच नको. वरच्या वर्गातील मुले, अंगणवाडीच्या ताई, एखाद्या मुलाची आजी यांना बोलवा. सांगितलेले देवनागरीत टिपून घ्या आणि उच्चार चुकला तर मुलांना दुरुस्त करू द्या.

वरिष्ठांनी हरकत घेतलीच, तर शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम २९ दाखवावे. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर बालकाची मातृभाषा असावे, असे त्यात नमूद आहे.

अभ्यासक्रम मागे पडण्याची भीती मला फारशी वाटत नाही. धडा तोच राहतो, फक्त त्यात शिरण्याचे दार बदलते. तरीही सगळे विषय एकदम हाती घेऊ नका. या सत्रात गणितातील मापन आणि मराठीतील वाक्यरचना एवढेच घ्या. पुढच्या पालकसभेत भाषण न करता मुलांच्या वह्या पालकांच्या हाती द्या आणि मुलांना आपण लिहिलेली दोन्ही वाक्ये, बोलीतले आणि प्रमाण मराठीतले, त्यांच्यासमोर वाचायला सांगा.